दोन टोकांचं अंगण

गेली तीन वर्षं वहिनीचं काम एकच होतं, भिंतीचं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, काही बोलायचं झालं की तिच्याकडे तोंड करून बोलायचा. धाकटा, म्हणजे तिचा दीर, उत्तरही तिच्याकडे बघूनच द्यायचा. दोघं चार हातांवर उभे असले तरी हाच प्रकार.

"त्याला सांग, दगड फोडायची सुतकी वापरली की जागेवर ठेवायची असते."

"वहिनी, त्यांना सांगा, ठेवलीय."

सांगायला काही उरलेलंच नसायचं, कारण दोघांनीही सगळं ऐकलेलं असायचं. तरी ती मान हलवायची. नाही हलवली तर काम अडायचं. सगळा गाव तिला वहिनीच म्हणायचा, आणि तिला कधी कधी वाटायचं, आपल्याला पगारी ठेवायला हवं.

भांडण कशावरून, तर शेडवरून. सासऱ्यांनी दगड घडवायला एक लांबलचक पत्र्याची शेड बांधली होती. ते गेल्यावर भावांनी ती मधोमध वाटून घेतली आणि आडवी भिंत घातली. भिंत उभी राहिल्यावर धाकट्याने दोरी लावली आणि म्हणाला, वीतभर माझ्याकडे सरकलीय. थोरल्याने आपली दोरी लावली आणि म्हणाला, बोटभरसुद्धा नाही. पिढ्यानपिढ्या दगड मापात बसवणारी माणसं, आणि एका भिंतीचं माप जुळेना. त्या दिवसापासून बोलणं बंद. सिमेंटचे ठोकळे आल्यापासून घडीव दगडाला विचारतंय कोण, आठ-आठ दिवस छिन्नी हातात यायची नाही, पण अबोला मात्र दोघांनी नेमाने चालवला होता.

अशात भर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी असताना, हेडमास्तर घाम पुसत दारात आले.

"तुमच्या अक्कांना मान मिळालाय. गणितातला. जगात वर्षाला एकालाच देतात," ते म्हणाले. "येत्या रविवारी त्या इथे येतायत. आपण 'थोर गणिती आणि त्यांची कामगिरी' असा कार्यक्रम ठेवलाय. मोठे पाहुणे आहेत."

अक्का म्हणजे या दोघांची सगळ्यात मोठी बहीण. शहरात मोठ्या कॉलेजात शिकवायची, आता सत्तरीला आली होती. पत्र पाठवायची, सणासुदीला नाही, तर आठवण आली की. तिने काय शोधलंय ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही. थोरला विचारणाऱ्याला म्हणायचा, "हिशेबाचंच काहीतरी आहे, पण फार मोठे हिशेब."

हेडमास्तरांनी समजावून सांगितलं. अक्काने दोन आकार शोधले होते. दोन्ही पतंगासारखे चौकोनी, एक लठ्ठ, एक रोड. तेवढ्या दोनच आकारांच्या फरशा घेतल्या तर कितीही मोठी जागा भरते, मध्ये फट राहत नाही, आणि नक्षी कुठेही पहिल्यासारखी पुन्हा येत नाही. कितीही लांब गेलं तरी नाही.

"म्हणजे चुकल्यासारखी दिसते," थोरला म्हणाला.

"नाही हो. बेशिस्त दिसते, पण शिस्तीत असते."

"तशी माणसं असतात घरात," वहिनी म्हणाली, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शाळेच्या अंगणात तीच फरशी घालायची, खऱ्या काळ्या दगडाची, असा हेडमास्तरांचा बेत होता. अक्काने पत्र्याचे दोन साचे पाठवले होते. साच्यांच्या कडांवर लाल आणि काळे ठिपके होते. लालला लाल लावायचा, काळ्याला काळा. सोबत चिठ्ठी होती, दोनच ओळींची: 'एवढं पाळा. बाकी तुमच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.'

काम कुणाला द्यायचं, हा हेडमास्तरांपुढचा खरा प्रश्न होता. एकाला दिलं तर दुसरा त्यांच्या ओसरीवर येऊन बसला असता. म्हणून त्यांनी अर्धं-अर्धं केलं. फाटकाकडून थोरल्याने सुरू करायचं, वर्गाच्या पायरीकडून धाकट्याने. दोघांनाही ते पटलं. त्यांच्या धंद्यात तसंच करतात. फरशी घालायची तर कोपऱ्यांतून सुरू करायची, दोन्हीकडून मध्ये यायचं, आणि शेवटची रांग लागेल तशी कापून घालायची. सासऱ्यांनी दोघांना तेच शिकवलं होतं. शिवाय तसं केलं की एकमेकांचं तोंड बघायला लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोन्हीकडे छिन्न्या वाजायला लागल्या. साचा दगडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची, कड तोडायची, मग ठिपके रंगवायचे. कडा ठोकून सरळ करायचं काम बायकांचं. वहिनीने ते तीस वर्षं केलं होतं. तिची कड बोटाने चाचपली तर कुठे खडबडीत लागायची नाही. इकडे ती आणि तिकडे तिची जाऊ, दोघी डोक्याला फडकी बांधून बसायच्या, सिमेंट-वाळूचा माल कालवायच्या, घमेली वाहायच्या, बसवलेल्या दगडावर पाणी मारायच्या. फक्त दगड बसवायचा नाही. या घरात बसवणं पुरुषाचं, हे सासऱ्यांनी घालून दिलं होतं. अक्का बारा वर्षांची असताना तिने म्हणे एकदा कोणी नसताना शेडच्या दाराशी एक दगड बसवला होता. सासऱ्यांनी तो पहारीने उपटला आणि ओढ्यात टाकला. दगड चांगला बसला होता, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या.

ऊन इतकं होतं की दहा वाजता छिन्नी हातात धरवायची नाही. थोरल्याचे गुडघे सोलून निघाले, त्याने त्यांना पोत्याचे तुकडे बांधले. शाळेच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही तासभर, आणि मालाला पाणी नाही मिळालं तर तो धरत नाही. दोन्ही जावा बादल्या घेऊन नळावर भेटायच्या. तिथे मात्र त्या बोलायच्या. भांडण नवऱ्यांचं होतं, नळ सगळ्यांचा होता.

"ह्यांचं म्हणणं, तुमचं काम हळू चाललंय," जाऊ म्हणायची.

"ह्यांचं म्हणणं, तुमचं वाकडं चाललंय."

"दोघांना एका बादलीत बसवून विहिरीत सोडावं."

"बादली वाया जाईल," वहिनी म्हणायची.

अंगणाच्या एका बाजूच्या भिंतीवर पेंटर थोर गणिती रंगवत होता. ग्रहांच्या वाटा मांडणारा, वर्तुळाचा घेर मोजणारा, अनंताच्या मागे लागून वेडा झालेला, असे एकूण अकरा. प्रत्येकाखाली त्याची कामगिरी लिहायची होती, पण पेंटरला दाढ्या काढायचा हात बसला होता आणि अकराही जण सख्खे भाऊ दिसत होते. बारावी अक्का. तिचा फोटो होता कॉलेजात असतानाचा. पेंटरने केस तसेच काढले, पण हनुवटीखाली सवयीने सावली जरा जास्त दिली.

"दाढी वाटतेय," वहिनी म्हणाली.

"सावली आहे."

"मग ऊन कमी कर."

त्याने पुसून पुन्हा काढली. आता अक्काला दाढी नव्हती, पण ती रागावलेली दिसत होती. हेडमास्तर म्हणाले, राहू दे, विचारात आहेत असं वाटतं.

बुधवारी दुपारी दोन्ही बाजू मध्ये आल्या. मध्ये दीड हाताची पट्टी उरली. थोरल्याने लठ्ठ दगड लावून बघितला, बसेना. रोड लावून बघितला, एका कडेला लालला लाल जुळला तर दुसरीकडे काळ्यासमोर लाल आला. त्याने दगड फिरवला, पुन्हा फिरवला. समोरून धाकटाही तेच करत होता. तासाभरात दोघांनी मिळून एक दगड बसवला आणि तोही काढावा लागला.

"त्याला सांग, त्याची बाजू तिरकी आलीय," थोरला म्हणाला.

"वहिनी, त्यांना सांगा, माझा प्रत्येक ठिपका तपासून घ्या म्हणावं."

वहिनीने तपासला. उन्हात वाकून वाकून तिने दोन्ही बाजूंची प्रत्येक कड बघितली, पाठीचा कणा कुरकुरायला लागला. इकडेही सगळं बरोबर होतं, तिकडेही सगळं बरोबर होतं. फक्त दोन बरोबर बाजू एकमेकींना लागत नव्हत्या.

"कापून घालू," थोरला म्हणाला. "शेवटची रांग कापतातच."

हेडमास्तर धावत आले. "कापून? अहो, दोनच आकार, हेच तर त्यांचं सगळं काम आहे. तिसरा तुकडा घातला की ते गणित राहिलं कुठे? पाहुणे विद्यापीठातले आहेत. ते पहिलं तेच बघणार."

"मग तुम्हीच बसवा," थोरला म्हणाला आणि फाटकाच्या सावलीत जाऊन पाठ करून बसला. धाकटा पायरीवर पाठ करून बसला. दोघांच्या पाठी एकसारख्या होत्या, खाली वाकलेल्या, डाव्या खांद्याला उतरत्या. वहिनीला दोन्हींवर घमेलं मारावंसं वाटलं.

ती हेडमास्तरांच्या खोलीत गेली आणि तिने अक्काला फोन लावला.

"वन्सं, तुमची फरशी मध्ये जुळत नाही."

"मध्ये?" अक्काचा आवाज अजून खणखणीत होता. "मध्ये म्हणजे कुठे? सुरुवात कुठून केली?"

"दोन्हीकडून."

"दोन्हीकडून जुळणारच नाही गं. ही नक्षी एका जागेतून वाढते. पहिला दगड ठेवला की त्याच्या शेजारी कोण येणार ते ठरत जातं. दोन ठिकाणी सुरू केली की त्या दोन वेगळ्या नक्षी. दोन्ही खऱ्या, पण एकीची दुसरीशी गाठ नाही. हे मला लिहायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की दोन माणसं एकच अंगण दोन टोकांनी घालतील. असं का केलं?"

वहिनीने तीन वर्षं अक्काला एक गोष्ट सांगितली नव्हती. पत्रात 'सगळे मजेत' असंच जायचं. आता घामाने फोन हातातून निसटत होता, रविवार चार दिवसांवर होता आणि तिला खोटं रचायचाही कंटाळा आला होता.

"ते दोघं बोलत नाहीत, वन्सं. तीन वर्षं झाली. शेडवरून."

"बाबांच्या शेडवरून?"

"वीतभर जागेवरून."

"ज्या शेडसाठी माझी सही घेतली होती, ती?"

ती सही वहिनीला आठवत होती. कागद टपालाने गेला होता आणि टपालानेच परत आला होता. तिसरा हिस्सा सोडल्याचा कागद. ना कोणी अक्काला विचारलं होतं, ना तिने काही लिहिलं होतं. तेव्हा वहिनीनेच तो पाकिटात घालून पेटीत टाकला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंही नव्हतं. आता वाटलं.

"एक बाजू उचलायला लागेल," अक्का म्हणाली. "कोणतीही. राहील तिच्या कडेपासून पुढे वाढवत न्या. कोणती उचलायची ते तुम्ही बघा." आणि फोन ठेवला.

वहिनी बाहेर आली आणि दोन पाठींच्या मधोमध उभी राहून तिने सगळं सांगितलं. सहीचं सोडून.

"त्याची उचलायची," थोरला म्हणाला. "फाटक माझ्या बाजूला आहे. पाहुणे पहिलं फाटक बघणार."

"वहिनी, त्यांना सांगा, पाहुणे बसणार पायरीकडे."

"त्याला सांग, मी मोठा आहे."

"त्यांना सांगा, म्हणूनच त्यांनी उचलावी."

संध्याकाळपर्यंत तेच चाललं. हेडमास्तरांनी दोन्हीकडे हात जोडले. पेंटर ब्रश धुता धुता ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी गावभर ही गंमत होणार हे वहिनीला दिसत होतं. पाथरवटांच्या घरात फरशी जुळेना. ज्या बहिणीचा मान, तिचीच फरशी, तिच्याच भावांना. यानंतर एक उंबरासुद्धा कोणी घडवायला देणार नव्हतं.

सकाळी थोरला चहा पीत होता तेव्हाच वहिनी शाळेत आली. शेडमधली पहार तिच्या खांद्यावर होती. तिने फाटकाजवळचा पहिला दगड बघितला. त्याची कड तिने स्वतः ठोकली होती. फटीत पहारीचं टोक घातलं आणि सगळं अंग टाकलं. माल अजून कच्चा होता, दगड कुरकुरत वर आला. मग दुसरा. मग तिसरा. सूर्य भिंतीच्या वर येईपर्यंत तिने दोन रांगा काढल्या होत्या आणि तिचे तळहात फुटले होते.

थोरला फाटकात आला आणि तिथेच थांबला.

"हे काय चालवलंयस?"

"तुमची बाजू उचलतेय."

"माझी? माझी का?"

"कारण तुमच्या कडा मी ठोकल्यात," ती म्हणाली. "माझी मेहनत मला उपटता येते. दुसऱ्याची नाही. तीन वर्षं तुमचे निरोप वाहून माझी मान मोडली. आता पहार तरी धरू द्या."

पलीकडे धाकटा कधीचा पायरीवर येऊन उभा होता. तो हसेल असं वहिनीला वाटलं, आणि हसला असता तर पहार त्याच्याकडे गेली असती. तो हसला नाही. तो आला, वाकला आणि तिने काढलेले दगड ठिपके वर करून रांगेत लावायला लागला, लठ्ठ एकीकडे, रोड एकीकडे. थोरला बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गुडघ्यांना पोती बांधली आणि बायकोच्या हातातून पहार घेतली.

तीन दिवस ते चौघं एकाच कडेवर काम करत होते. दोघं भाऊ शेजारी शेजारी ओणवे, खांद्याला खांदा घासत. एकाने दगड ठेवायचा, दुसऱ्याने थापी मारायची. बोलणं अजून वहिनीमार्फतच होतं, पण आता ती कंटाळून उत्तरच द्यायची नाही आणि त्यांचं त्यांना ऐकायला जायचं. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत अंगण फाटकापर्यंत आलं. फक्त फाटकाच्या आत एक भोक राहिलं. लठ्ठ बसेना, रोडही बसेना.

रविवारी पहिल्या बसने अक्का उतरली. स्वागताला कोणी नव्हतं, कारण ती दुसऱ्या बसने येणार असं ठरलं होतं. हातात कापडी पिशवी, पायात साध्या चपला, केस पूर्ण पांढरे. फाटकाशी आली तेव्हा तिचे दोन्ही भाऊ भोकाच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर होते आणि एकमेकांवर तावातावाने भांडत होते.

"मी म्हणत होतो रोड लाव!"

"अरे दादा, रोड लावला तर इकडे काळा येतो, डोळे आहेत का?"

वहिनी बादली घेऊन उभी होती. तिच्या लक्षात आलं की दोघं थेट बोलतायत. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं, म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

अक्काने चपला फाटकाबाहेर काढल्या. अंगणावरून ती अनवाणी चालत गेली, पायरीपर्यंत, आणि परत आली, मान खाली घालून, एकेका दगडावर थांबत. भिंतीवरच्या स्वतःच्या रागावलेल्या चेहऱ्याकडे तिने एकदाच बघितलं. मग ती भोकाजवळ वाकली आणि बोटाने मागे मागे मोजत गेली.

"हा," ती म्हणाली. "हा दगड इथे रोड हवा होता. ठिपके जुळले म्हणून तुम्ही लठ्ठ घातलात. जागेवर जुळलं म्हणजे पुढे जुळेलच असं नसतं. सात दगडांनंतर कळतं. माझी अकरा वर्षं त्यात गेली." तिने थोरल्याकडे हात केला. "पहार."

"अक्का, तू बस. आम्ही करतो. पाहुणे तासाभरात येतील."

"मी बसतेच आहे," अक्का म्हणाली आणि फरशीवर मांडी घालून बसली. "दे."

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. दोघांनाही ओढ्यातला तो दगड आठवला असणार. धाकट्याने मान खाली घातली. थोरल्याने पहार बहिणीच्या हातात दिली.

सात दगड निघाले. जाऊ माल कालवत होती. अक्का दगड ठेवायची आणि थापी मारायची, हलकी, तिरकी, सासऱ्यांसारखी. हे तिला कोणी शिकवलं होतं, कोणालाच माहीत नव्हतं. एक जागा सोडून सगळे दगड बसले. बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला आणि पायरीवर उभ्या हेडमास्तरांचा चेहरा उतरला. अक्काने शेवटचा दगड, एक रोड दगड, वहिनीपुढे धरला.

"याची कड कोणी ठोकलीय?"

"मी."

"मग बसव."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं नाही. ती खाली बसली, फुटलेल्या तळहातांनी तिने दगड मालावर ठेवला, लालला लाल, काळ्याला काळा, आणि अक्काच्या हातातली थापी घेऊन चार कोपऱ्यांवर चार वेळा मारली. दगड खाली गेला आणि शेजारच्यांच्या पातळीत येऊन थांबला. तिने वरून बोट फिरवलं. कुठे काही लागलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हता.

फाटकात प्रमुख पाहुणे आले, मागे चार-पाच माणसं. त्यांच्या हातात भाषणाचे कागद होते.

"थोर गणिती कुठे आहेत?" त्यांनी विचारलं आणि पाय आत उचलला.

"अहो, थांबा तिथेच," वहिनी खाली बसल्या बसल्याच म्हणाली. "ओलं आहे. पाय ठेवू नका."

पाहुण्यांनी पाय मागे घेतला आणि सगळे फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले, दगड धरेपर्यंत.